तीन नंबरच्या टाकीची उडी

३ मार्च, संध्याकाळ
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात.
साबणाच्या कारखान्यात मला इन्स्ट्रुमेंट विभागाचा प्रमुख केलं. सध्या ‘हंगामी’. महिनाअखेर कायम करतील. हंगामी हा शब्द मनातल्या मनात खोडून टाकला आहे.
पहिला निर्णय: घसा फाडून काम करणं बंद. मी स्वतः निवडलेला वॉकी-टॉकी आला. सगळ्यात दणकट मॉडेल. पट्ट्याला अडकवला की माणसाची चाल बदलते.
घरी बायकोला विचारलं, चिडलीस का? नाही म्हणाली. नक्की ना? हो म्हणाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर चिडली. म्हणजे आधीपासून चिडलेलीच होती. मला कळतं.

५ मार्च
तीन नंबरच्या टाकीने खोड काढली. गणित साधं आहे. टाकीवरचा सेन्सर तारेतून बारीकसा करंट पाठवतो. टाकी रिकामी तर चार मिलीअँप, भरली तर वीस. त्यावरून कंट्रोलर टक्के दाखवतो. ऐंशीच्या वर गेलं की पंप आपोआप बंद.
सकाळच्या राउंडला कंट्रोलरच्या पॅनेलचं दार उघडलं, वॉकी-टॉकीवर कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरला विचारलं, किती? म्हणाला, पन्नास होतं साहेब, आता पंच्याऐंशी. पंप बंद, लाइन ठप्प. टाकी निम्मीच होती, मी वर चढून पाहिली.
या ऑपरेटरला सगळे मौनीबाबा म्हणतात. विचारल्याशिवाय बोलत नाही. असाच स्टाफ हवा.
सेन्सर गेला. उद्या बदलतो. विषय संपला.

६ मार्च
नवा सेन्सर बसवला. पॅनेल उघडून विचारलं, किती? पंच्याऐंशी. नवासुद्धा खराब. हल्ली कशातच राम राहिला नाही.

९ मार्च
केबल बदलायला लावली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, साहेब, त्या केबलने कुणाचं काय घोडं मारलंय? वर स्वतःचा टेस्टर शोधत हिंडत होता, आणि टेस्टर त्याच्याच खिशात. काखेत कळसा नि गावाला वळसा! मी पोटभर हसलो आणि पट्ट्यावरचा वॉकी-टॉकी सावरला.
तारेत मीटर जोडलं. बारा मिलीअँप. निम्म्या टाकीला अगदी बरोबर. खात्रीसाठी मौनीबाबाला विचारलं. पंच्याऐंशी. म्हणजे मीटर खोटं बोलतंय. कपाटात कोंडलं.

१२ मार्च
मॅनेजर म्हणाला, बाहेरचा माणूस बोलवू या का? बाहेरचा माणूस कोण, तर माझा साडू! एक बॅग घेऊन कारखान्या-कारखान्यांतून कंट्रोलर दुरुस्त करत फिरतो आणि सासुरवाडीला पहिलं पान त्याचं. मी ठणकावलं, मी इथे असेपर्यंत त्याची गरज नाही. मॅनेजर म्हणाला, तेच बघतोय, तुम्ही इथे किती दिवस असता ते. विनोदी माणूस आहे.
अर्थिंग नव्याने करून घेतलं. आता कोण माझ्या वाटेला जातो बघू.

१५ मार्च
ताप. रजा. दुपारी फोन केला. मौनीबाबा म्हणाला, आज आकड्याची एकदाही उडी नाही. अर्थिंगचा गुण! मी बोललो होतो.
बायकोला ऐकवलं. साडूलाही फोन करून ऐकवलं. सहज. अगदी सहज.

१६ मार्च
ताप अंगात होता, तरी गेलो. मॅनेजरला हाताला धरून पॅनेलपाशी नेलं, दार उघडलं, ऐटीत विचारलं, किती?
पंप बंद.
मॅनेजरने तिथल्या तिथे साडूला फोन लावला.
आता माझी खात्री पटली आहे. हा घातपात आहे. मी आलो की बिघाड, मी गेलो की ठीक. कुणीतरी माझ्या हालचालींवर पाळत ठेवून आहे.

१८ मार्च
साडू आला. बॅग उघडलीसुद्धा नाही. मौनीबाबाला विचारलं, आकडा उडी कधी मारतो? तो म्हणाला, साहेब विचारतात तेव्हा.
साडू माझ्या पट्ट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, साडूभाऊ, ते डबडं जरा टेबलावर ठेवा, पॅनेल उघडा आणि आपल्या तोंडाने विचारा. ओरडलो. पन्नास. मग बटण दाबून विचारा म्हणाला. पंच्याऐंशी. ओरडलो, पन्नास. दाबलं, पंच्याऐंशी. तोवर अर्धा कारखाना गोळा झाला होता.
वॉकी-टॉकीच्या लहरी उघड्या पॅनेलमधून त्या बारीक करंटच्या तारांत शिरतात म्हणे. मौनीबाबाला खडसावलं, इतके दिवस बोलला का नाहीस? म्हणाला, मला वाटलं, पंप वेळेवर बंद पडतो का ते तुम्ही मुद्दाम तपासताय.
माझं म्हणणं इथे नोंदवून ठेवतो. साडूने नवीन काय केलं? मी रोज जे करत होतो तेच माझ्याकडून करून घेतलं. श्रेय कोणाचं?
घरी येताना वाईट वाटलं. फार वाटलं. पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

३१ मार्च, संध्याकाळ
प्रमुखपद इलेक्ट्रिशियनला. मी जुन्या टेबलावर. हे टेबल खिडकीजवळ आहे, तेव्हा एका अर्थी बढतीच. वॉकी-टॉकी गेटवरच्या वॉचमनकडे गेला. त्याला शोभत नाही.
पॅनेलचं दार बंद असतं. टाकी पन्नासला स्थिर. जे व्हायचं ते झालं, पण धडा घेतला. सारखं विचारत बसायचं नाही.
बायको मघाशी तासभर बहिणीशी फोनवर हसत होती. आता शांतपणे भाजी निवडते आहे. विचारणार नाही.

साडेसात
विचारलं, चिडलीस का? नाही म्हणाली.

सात चाळीस
नक्की ना, असं दोनदा विचारलं. भाजीची परात आपटून आत गेली.
म्हणजे आधीपासून चिडलेलीच होती. मला कळतं.