तिसरी तार

अप्पा,

मागच्या महिन्यात आपल्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानात आलेला माल असा: उष्णता मोजायच्या चपट्या पट्ट्या तीन, गिऱ्हाइकानेच मुंबईहून मागवून दिल्या, आपल्याला खर्च नाही; मोटरीतल्या कॉइलींवर गुंडाळायची टेप, साडेअठ्ठावीस रुपये; दोन पदरी बारीक वायर, दोनशे फुटांची तीन भेंडोळी, एकशे दोन रुपये. तीन पदरी घेतली असती तर पंचेचाळीस जास्त पडले असते. घेतली नाही, आणि सगळं तिथंच बिघडलं.

तुमच्या वेळी असलं काही नव्हतं. मोटर तापली का, ते तुम्ही तळहात ठेवून सांगायचात. ही मोटर पाणीपुरवठ्याच्या पंपाची, तीन हजार तीनशे व्होल्टची. हिच्या कॉइलींच्या दोन थरांमध्ये पट्टी बसवायची, तिच्या तारा बाजूच्या वेगळ्या डब्यातून काढायच्या आणि लांबच्या खोलीतल्या मीटरला जोडायच्या. पट्टी फार तापली की मीटर मोटर बंद करतं. पट्ट्या तुमच्या जुन्या कारागिराने बसवल्या. सोबतचं इंग्रजी पुस्तक मी वाचून सांगितलं, कारण घरात मॅट्रिक मीच. प्रत्येक पट्टीला तीन तारा: दोन लाल, एक पांढरी. दोन्ही लाल आत एकाच टोकाला जोडलेल्या. मी म्हटलं, मग मीटरपर्यंत लाल एकच न्या की, दुसरी कशाला? दोन पदरी वायर पुरेल. हे म्हणाले, "पुस्तकात तसं चालतंय म्हणून हाय न्हवं?" मी म्हणाले, "चालतं."

मोटर सकाळी सुरू केली की दुपारी बंद पडायची. हाताला कोमट, मीटरवर मात्र भलतीच तापलेली. अर्ध्या पेठेला पाणी नाही. पाणीपुरवठ्याचा इंजिनीअर दुकानाच्या दारात उभा राहून ओरडून गेला. ह्यांनी सगळं कारागिरावर घातलं. "सासऱ्यांच्या वेळचा म्हणून ठिवून घेतला. डोळं गेल्यात म्हाताऱ्याचं. पट्टीच चेपली आसंल." कारागीर माझ्याकडे वळला. "अक्का, तुमी हुबं ऱ्हाऊन बघितलं की. न्हाय चेपली." मी चहाचे कप उचलून आत गेले.

मला दहावं वर्ष. एकादशी आहे. कॉइली वाळवायच्या भट्टीत मी चार रताळी ठेवते, तेवढाच घरचा कोळसा वाचेल. तुम्ही भट्टी उघडता, वाफ कॉइलींना लागलेली. माझा कान धरता. "पोरी, उपास तुझा हाय, विजेचा न्हाय. ओल ऱ्हायली तर माणूस मरंल की." गिऱ्हाईक आल्यावर मलाच पुढं उभं केलंत, सांग म्हणालात, काम का लांबलं. मी रडत सांगितलं. गिऱ्हाईक हसलं, तुम्ही हसला नाहीत. रताळी मात्र तुम्हीच खाल्लीत.

परवा ह्यांनी कारागिराला कामावरून काढलं. तो कुंभारीला घरी जाऊन बसलाय. काल पूजा आटोपल्यावर मी पुस्तक पुन्हा काढलं आणि शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावली. पट्टी तापली की तिच्यातला विजेचा अडथळा वाढतो, मीटर तोच मोजतं; पण लांब वायर स्वतःचाही अडथळा घालते, आणि मीटर त्यालाच उष्णता समजतं. तेवढं वजा करायला ती तिसरी तार. म्हणजे मोटर चांगली आहे, म्हाताऱ्याचं काम चांगलं आहे. आणि उद्या सकाळी हे त्या कॉइली कापून काढणार आहेत.

जीव नुसता चडफडतो, अप्पा. माझाच राग येतो. ह्यांचा येतो, की दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. तुमचाही येतो. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचात, माझी लेक इंग्रजी फाडफाड वाचते. त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं मिरवले. पैसे वाचवायला गेले आणि चुकले, असं ह्यांना सांगायचं मी ठरवलं होतं. ते सोपं आहे, काटकसरीला कुणी नावं ठेवत नाही. खरं असं, की ते पान तेव्हाही माझ्यापुढं उघडं होतं. मला ते कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणायची लाज वाटली.

हे पत्र पेटीत पडायचं नाही, तुमच्या हार घातलेल्या तसबिरीमागं राहील. हे जेवायला येतील, तेव्हा ताट वाढायच्या आधी सांगणार आहे, मग मिळेल त्या एसटीने कुंभारीला. म्हाताऱ्याने मला दारातूनच परत पाठवलं तर काय करू, तेवढं उलट टपाली कळवा.