तेजलचे वय वाढवून मिळणेबाबत

आदरणीय भिमाजी दाजींना सातपूरहून सावळीरामचा जय भीम. सुलाअक्कालाही सांगावा. तुमचा गुडघा, अक्काची साखर आणि तुमच्या दाराची बेल (मागच्या खेपेला वाजत नव्हती) या तिघांची तब्येत कशी आहे? माझी उत्तम आहे. फक्त झोप, भूक आणि रक्तदाब जागेवर नाहीत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो.

काळजी आपल्या तेजलची. नात विमान चालवते म्हणून मी गल्लीत मान ताठ ठेवून चालतो (अजून कॅप्टनच्या शेजारच्या खुर्चीत बसते, पण चालवते). तिची कंपनी छोटी, आणि ती आता एका मोठ्या कंपनीत विलीन होणार. मागच्या मंगळवारी जेवताना ती म्हणाली, सिनिऑरिटी गेली तर कॅप्टन व्हायला मी म्हातारी होईन. सिनिऑरिटी म्हणजे काय, असं मी नवनाथला विचारलं. आमचे चिरंजीव मोबाइलमधून मान न काढता म्हणाले, "ज्येष्ठता." झालं! ज्येष्ठता म्हणजे वय, हे मला पक्कं ठाऊक. ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डावरच मी एसटीत अर्ध्या तिकिटात फिरतो. पोरगी जेमतेम सव्विशीची, आणि पलीकडच्या कंपनीत केवढाले बाप्ये असतील! मग आठवलं, शाळेत घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख अंदाजानं एक जून लिहिली होती आणि तेवढ्यावर मी कारखान्यात दोन वर्षं जास्त नोकरी केली. मग तेजलनंच काय घोडं मारलंय?

दुसऱ्या दिवशी सकाळीच अर्ज घेऊन तिच्या जुन्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका यशश्रीबाईंना म्हटलं, चार वर्षं वाढवून द्या, चार जमत नसतील तर तीन. बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "आजोबा, मुलीचं वय कमी करा म्हणणारे रोज येतात. वाढवा म्हणणारे तुम्ही पहिलेच. कुणाचं लग्न मोडायचंय का?" आणि घरी फोन लावला. घरी सूनबाई दारातच उभी. "बाबा, आम्ही तिला स्थळं बघतोय, आणि तुम्ही तिला तिशीत नेऊन ठेवताय!" (संजना एरवी मला उलट बोलत नाही. त्या दिवशी दोन दिवसांचं बोलली.)

तेजल हसून हसून खाली बसली. मग तिनं नीट समजावलं. वयाचा संबंध नाही, नोकरीत कोण कधी लागलं त्यावर नंबर. मोठ्या कंपनीतले काही म्हणतात, छोटीची सगळी नावं आमच्या यादीच्या शेपटाला लावा. म्हणजे तिथं काल लागलेलं पोरगंसुद्धा तेजलच्या वर. तेजल म्हणते, वेणी घाला. रुजू तारखेप्रमाणे एक पेड तिकडचा, एक इकडचा. छोट्या कंपनीत युनियन नव्हती. या पोरीनं सगळ्यांना गोळा करून मोठ्या कंपनीतल्या वैमानिकांच्या युनियनचं सभासद केलं आणि बोलणीत आपली एक खुर्ची मागून घेतली. त्या खुर्चीवर गुरुवारी मुंबईत कोण बसणार? आपली तेजल! मी विचारलं, घोषणा कोण देणार? म्हणाली, घोषणा नसतात, लॅपटॉप असतो. (लॅपटॉपनं मूठ कशी वळणार, हे विचारायचं राहिलं.) तरी मला वाटतं जमेल. युनियनच्या अध्यक्षांनी, शेखर म्हणून कॅप्टन आहेत, इकडच्या सगळ्यांच्या रुजू तारखा मागवून घेतल्यात. शेपटालाच लावायचं असतं तर तारखा कशाला मागवल्या असत्या?

अक्काला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

आपला,
सावळीराम

ता. क. – खरं काम लिहायचं राहिलं. तेजल म्हणते, आजोबा, तुम्ही जुने युनियनवाले, आत बसल्यावर काय करायचं ते सांगा. दाजी, मी सगळा जन्म गेटबाहेर ओरडलो. आतली खोली कशी असते तेसुद्धा मी पाहिलेलं नाही. तुम्ही एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात युनियनतर्फे साहेबांच्या समोर बसायचात. बुधवारच्या आत गुपचूप येऊन मला शिकवून जा. मी तिला शिकवीन.

पुन्हा ता. क. – पाकीट चिकटवताना संजना म्हणाली की तेजल मागचे दोन्ही रविवार तुमच्याकडेच होती, आणि अक्काचे बोंबील खाऊन सगळं शिकूनही आली. मग एवढंच करा, तिला काय सांगितलंत ते चार ओळींत नवनाथच्या हाती पाठवा. गुरुवारी ती गाडीत बसताना मला काहीतरी सांगावं लागेल.