पाण्याची काच

सातारा,
९ ऑगस्ट १९९३

रा. रा. लालासाहेब यांस,
स. न. वि. वि.

सोळा वर्षांनी पत्र लिहितो आहे ते हौसेने नव्हे. मीटरगेजचे अरुंद रूळ आता उखडणार, म्हणून आम्ही जुने ड्रायव्हर एक स्मरणिका काढतो आहोत. वाफेच्या वायपी इंजिनांची हकीकत माझ्या गळ्यात पडली आहे. पहिली वीस अमेरिकेतून आली, मग विलायतेतून, जर्मनीतून आणि पुढे आपल्या जमशेदपूरहून. मीटरगेजची पॅसेंजर ओढावी तर वायपीनेच, हे सगळं लिहून झालं. फक्त आपल्या २६१३ नंबरच्या इंजिनाचा फोटो नाही. मी तिचा ड्रायव्हर, तुम्ही फायरमन. साहेब पाहणीला आले त्या सकाळी काढलेला एकुलता एक फोटो तुमच्याकडे आहे. तो रजिस्टरने पाठवावा.

तुमची बहीण आक्का माझ्या घरात सुखात आहे. लोभ उरला असेल तर असू द्यावा.

आकाराम


कुपवाड,
१७ ऑगस्ट १९९३

आकाराम ड्रायव्हर यांस,

दाजी म्हणत नाही. नमस्कार पुढे कधी जमला तर लिहीन.

तुमच्या हकीकतीत अमेरिका आली, जर्मनी आली; तुमचा फायरमन कुठे आला? फोटो काढला त्याच दुपारी बेळगावच्या अलीकडच्या चढाला बॉयलरमधलं पाणी उतरलं, त्यामुळे तापून शिशाचा प्लग वितळला आणि वाफ माझ्या दोन्ही हातांवर आली. पातळी सांगणारी पाण्याची काच तर अर्धी भरलेली दिसत होती, मी तीनदा पाहिली होती. चौकशीत तुम्ही सांगितलंत, की पाण्यावर नजर ठेवायची सोडून फायरमनचा डोळा लागला होता. माझी नोकरी गेली. आई मरेपर्यंत दारोदार सांगत राहिली, की माझा ल्योक कामावर झोपायचा न्हाई. तिचं कुणी ऐकलं नाही.

आधी तो दिवस लिहा, मग फोटो मागा.

लालासाहेब


सातारा,
२८ ऑगस्ट १९९३

लालासाहेब,

नाचता येईना अंगण वाकडं! शेडमधून निघण्याआधी काचेचा कॉक उघडून पाणी येतं का बघायचं, काच तपासायची, हे ड्रायव्हरचं काम. ते मी केलं, अशी माझी सही वहीत आहे. काच खोटं दाखवत असती तर मला तेव्हाच कळलं असतं. ही इंजिनाची हकीकत आहे, तुमच्या घरची रडगाणी त्यात येणार नाहीत. फोटोवाचून आमचं काही अडत नाही. सोळा भाऊबीजा बहिणीच्या दाराशी न फिरकणाऱ्याने आईचं नाव काढू नये.

आकाराम


कुपवाड,
१५ सप्टेंबर १९९३

आकाराम ड्रायव्हर यांस,

सोबत पुडकं आहे. ते आक्कासमोर उघडा.

त्या दिवशी अपघातानंतर शेडमधल्या फिटर ज्योतिबाने २६१३चा काचेचा कॉक बदलला आणि जुना गुपचूप घरी नेला. नोकरीच्या भीतीने त्याने तो पेटीत दडवून ठेवला. गेल्या आठवड्यात निवृत्त झाला आणि माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, की लय वर्सं छातीवर धोंडा हाय, आता तुमीच बघा.

आतलं भोक क्षाराने गच्च बुजलं आहे, सुईसुद्धा जात नाही. इतका थर एका दिवसात बसत नाही. त्या सकाळी तुम्ही कॉक उघडला असता तर पाणी आलंच नसतं, नुसती वाफ आली असती. म्हणजे तुम्ही तो उघडलाच नाही. बाहेरचं पितळ मात्र अजून चकाकतं. ते कोणी घासलं ते फोटोत दिसतं, फडकं तुमच्याच हातात आहे. फोटोही पाठवला आहे. छापा खुशाल.

लालासाहेब


सातारा,
५ ऑक्टोबर १९९३

चि. लालासाहेब यास,
अ. उ. आ.

आक्काने स्वतः सुई घालून पाहिली. त्या दिवसापासून ती माझं ताट वाढून ठेवते आणि आत निघून जाते.

साहेब येणार म्हणून मी पितळ घासत बसलो. इंजिन नवरीसारखं दिसलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. तपासायला वेळ उरला नाही, वहीत सही मात्र ठोकली. चौकशीत भ्यालो आणि तुला पुढे केलं. हे सगळं मी हकीकतीत लिहिलं. स्मरणिकेच्या मंडळींनी तेवढाच मजकूर काढून टाकला. शुभप्रसंगी असलं नको म्हणाले. म्हणून परवा मिरजेला स्मरणिकेच्या प्रकाशन समारंभात मी फोटो हातात धरून तो मजकूर उभ्याने वाचला. टाळी कुणी वाजवली नाही.

माफी मागायला मला तोंड नाही. लोभ कुठल्या तोंडाने मागू?

आकाराम


कुपवाड,
१३ ऑक्टोबर १९९३

ती. दाजींस,
सा. न. वि. वि.

ज्योतिबा समारंभाला होता. त्याने येऊन सगळं सांगितलं. माफ मी केलेलं नाही. आई असती तर तिने केलं असतं, पण हे ऐकायला ती नाही. याचा मला अजून संताप येतो.

मी इथल्या तेलाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळतो. काच रोज स्वतः तपासतो, दुसऱ्या कुणाला कॉकला हात लावू देत नाही. खंडेनवमीला बॉयलरची पूजा असते. आक्काला घेऊन या. हार-नारळ आमचे आम्ही आणू.

पूजेआधी काच तुम्ही तपासायची. मी शेजारी उभा राहून बघेन.

लोभाचं त्यानंतर ठरवू.

लालासाहेब