शकुंतलाच्या फोल्डरची परवानगी

५ मे
शकुंतला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, डोणगावला माहेरी गेली, ती अजून आली नाही. रागावलेली वगैरे नाही. या उन्हात नांदुऱ्याला येऊन करणार तरी काय? आल्यावर सरप्राईज द्यायचं. बाहेरून लावायच्या हार्ड डिस्कवर सासूबाईंची गाणी आहेत. त्या गेल्यावर तेवढाच आवाज उरलाय. प्रत्येक गाण्याला नाव देऊन नीट लावून ठेवणार. ती खूश होणार.

६ मे
फोल्डर उघडेना. ‘परवानगी नाही’ म्हणे. कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या माणसाला! मागे क्लासच्या फाइलींना जागा हवी म्हणून दोन गाणी उडवली होती. तेव्हा तिने भार्गवीकडून, म्हणजे आमच्या मुलीकडून, हे करून घेतलेलं दिसतं. दोन गाण्यांवरून एवढं?

७ मे, दुपार
क्लासमध्ये परमिशन्सच शिकवल्या. लिनक्समध्ये तीन गट: मालक, ग्रुप, बाकीचे. विंडोजमध्ये नावानिशी यादी. घरी येऊन फोल्डरची यादी पाहिली. एकच नाव, शकुंतला. एवढ्या वर्षांच्या संसारात मी बाकीच्यांत. वाईट वाटलं. जेवलो नाही. (स्वयंपाकही केला नव्हता.)

८ मे
भार्गवीचा फोन. म्हणाली, “बाबा, काऊन एवढा तरास करून राह्यले? आईले एक फोन लावून विचारा ना.”
विचारायचं कशाला? ॲडमिनिस्ट्रेटर मी आहे.

९ मे
जमलं! मालक: सुधाकर. यादीतून तिचं नाव काढलं, तात्पुरतं. दोन नावं असली की गोंधळ होतो. एक गाणं लावलं. सासूबाई मधेच चुकतात आणि शकुंतला खळखळून हसते. हे हसू आमच्या घरात कधी ऐकलं, आठवेना. पुन्हा पुन्हा लावलं. नावं उद्या देऊ.

१२ मे
आली! तिचा भाऊ भागवत सोबत होता. मी स्वतः चहा टाकला. ती कॉम्प्युटरवर बसली, स्वतःच्या नावाने लॉगिन केलं. ‘परवानगी नाही.’ म्हटलं, थांब, मी देतो.
ती म्हणाली, “माहेरी जायले तुम्हाले विचारा, साडी घ्यायले तुम्हाले विचारा. आता मायचा आवाज आयकालेही?”
डिस्क काढून पर्समध्ये टाकली. चहा न घेताच दोघं गेली.

१३ मे
काळजीचं कारण नाही. माझ्या परवानगीशिवाय ते उघडत नाही. फोन येणारच. मोबाईल फुल चार्ज.

१६ मे
फोन भार्गवीचा आला. मामाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. डिस्क लावली आणि सगळं उघडलं. विंडोजची यादी लिनक्स तिथे बघतच नाही. हे मी क्लासमध्ये शिकवतो.
आई काय करते, विचारलं. गाणी ऐकत बसते म्हणाली.
हसते का?
“हाव.”
मालक म्हणून डिस्कवर नाव अजून माझंच आहे.