पंप मी निवडला, ताई

ती. ताईस,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? (इकडे सगळं ठीक आहे असं लिहायचं असतं, म्हणून लिहितो. वासाचं पुढे येईलच.)

भाऊजी निवृत्त झाले आणि तुम्ही दोघं लेकीकडे राहायला गेलात, त्याला तीन महिने झाले. त्याच सुमारास आमच्या सांडपाणी केंद्राला नवा पंप घ्यायचा होता आणि तो निवडायचं काम माझ्याकडे होतं, हे तुला ठाऊक आहेच. ठाऊक नसेल ते त्या शेवटच्या बैठकीतलं, कारण भाऊजी घरी येऊन बोलले नसणार. तीस वर्षं त्या मैल्याच्या विहिरीत उतरलेला फिटर, म्हणजे भाऊजी, एकीकडे, आणि टेबलाच्या मुख्य खुर्चीत अभियंता मेहुणा, म्हणजे मी. (बाबा गेल्यावर त्या फिटरने दुहेरी पाळ्या करून मला शिकवलं, हे त्या दिवशी मी सोयीस्कर विसरलो.) ते म्हणाले, "साहेब, हा पंप घेताना पाण्याचा विचार करू नका, घाणीचा करा. आतल्या पंख्यातून मुठीएवढा गोळा आरपार गेला पाहिजे. वीज जरा जास्त खाईल, खाऊ दे."

आणि माझ्यापुढे होतं माहितीपत्रक! गुळगुळीत कागद, निळाशार पंप, आत दोन्ही बाजूंनी झाकलेला, अरुंद फटींचा पंखा, वीज कमी, आणि आलेखाची रेघ अशी डौलदार की फ्रेम करून भिंतीवर लावावी. मी म्हणालो, "तुम्ही पाने-पकडी सांभाळा, पंप आम्ही निवडतो." चार जण हसले. (त्यातले तीन माझ्या हाताखालचे, त्यांना हसावंच लागतं.) भाऊजी रागावलेसुद्धा नाहीत. खुर्ची आवाज न करता मागे सरकवली आणि गेले.

गेल्या सोमवारी पंप सुरू केला. फीत, फोटो, वरिष्ठांचं भाषण. वीस मिनिटं असा गोड चालला की मी स्वतःच टाळ्या वाजवल्या. मग त्याने गुळण्या केल्यासारखा आवाज काढला आणि गप्प बसला. जुना पंप मी आदल्याच आठवड्यात मोठ्या हौसेने भंगारात काढलेला. विहीर भरली, पाणी उलटं फिरलं आणि वसाहतीतलं सगळ्यांत सखल घर शोधू लागलं. ते आमचं निघालं. मी धावत पोहोचलो तेव्हा तुझी भावजय न्हाणीघराच्या दारात स्टुलावर उभी होती. मला पाहून शांतपणे म्हणाली, "या. तुमचं ऑफिस घरी आलंय."

पंप मीच खोलला. (नवा फिटर अजून नेमलेला नाही.) पंख्यातून दोन मोजे निघाले, तेही एका जोडीतले नव्हेत, केसांची वेणीएवढी गुंतवळ, आणि नाडीसकट एक अख्खा परकर. कोपरापर्यंत हात घालून तो ओढताना हसू येत होतं, आणि मध्येच कशाने कोण जाणे, डोळे भरून आले. वासाने असेल. भाऊजींनी हेच काम तीस वर्षं केलं, आणि घरी येऊन माझ्या वह्यांना कव्हरं घातली. हात इतके घासून धुवायचे की वहीवर कधी डाग पडला नाही.

आठवड्यात पंप तीनदा तुंबला. वरिष्ठांनी विचारलं, "हा निवडला कुणी?" मी म्हणालो, "मी." एवढं तरी नीट केलं.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. गुरुवारी दुसरा पंप निवडायची बैठक आहे. भाऊजी दोन दिवस येतील का? त्यांची खुर्ची माझ्या शेजारी ठेवतो. घर धुऊन घेतलंय.

ता. क. दुसरा : ताई, हे तुझ्यासाठी नाही. भाऊजी, पाकिटावर नाव कुणाचंही असो, पत्र आधी तुम्हीच वाचता, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तोंडावर बोलायचा धीर झाला नाही. चुकलो. नाही आलात तरी चालेल; फक्त दोन ओळींचं उत्तर लिहा, आणि त्यात मला साहेब म्हणू नका.