नांदीची वाट पाहताना चार सॅक्सोफोन

नवीन पनवेल,
४ मार्च २०१२

तीर्थस्वरूप धर्मराजदादांना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमला तेवढा वाकून). तुमची शुगर आटोक्यात असेल, वहिनींचा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल आणि मुरुडच्या वाडीतले थोडे नारळ माकडांनी तुमच्यासाठीही ठेवले असतील, अशी आशा करतो.

पत्रास कारण विशेष काही नाही. एक कार्यक्रम ऐकला, तो कळवावा म्हटलं. उरणच्या मोरा बंदराकडचा कुंदन मी रिटायर होण्याआधी ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि सुट्टीच्या दिवशी हळदी-लग्नांत सॅक्सोफोन वाजवायचा. संक्रांतीनंतर त्याचा फोन आला, "साहेब, आमचा ऑर्गनचा पोग्राम हाय. मॅडमना घेऊन या, नाय बोलू नका." ऑर्गन म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? आपल्या संगीत नाटकातली पायपेटी! म्हणजे नाट्यपदांची मैफल. नीताने पैठणी काढली, मी जाकीट चढवलं (डांबरगोळ्यांच्या वासासकट), खिशात विडे घेतले आणि रिक्षाने निघालो. पत्ता चर्चचा निघाला. नीता म्हणाली, हॉल मिळाला नसेल. मला पटलं.

पहिल्या बाकावर बसून आम्ही नांदीची वाट पाहू लागलो. पांढऱ्या केसांच्या एक बाई ऑर्गनवर येऊन बसल्या. ही आपली पायपेटी नव्हेच. पट्ट्यांचे दोन मजले, आणि खाली पायांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्या वेगळ्या. बाजूला चार सॅक्सोफोनवाले. सगळ्यात लहान वाद्य सनईसारखं सरळ, सगळ्यात मोठं बेसिनखालच्या नळीसारखं वळलेलं. ते मोठं कुंदनच्या गळ्यात होतं (बँडच्या लाल डगल्याऐवजी काळा कोट, त्यामुळे मी आधी ओळखलाच नाही).

पुढचं नीट सांगता येणार नाही, दादा. ऑर्गन कानांनी नाही, तळपायांतून ऐकू आला. त्यावर सॅक्सोफोन एकेक करून आले, धुक्यात मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँच सुटाव्यात तसे. मी जागा होतो (नीताला विचारा), पण बाक जमिनीपासून सुटलं होतं. पंखे, मेणबत्त्या, बाहेरच्या आमच्या चपला, सगळं घेऊन ते चर्च हळूहळू खाडीच्या पाण्यावर निघालं. पलीकडच्या काठावर माझी आई उभी होती. हाक मारत नव्हती, नुसती बघत होती. आणि मला मुळीच वाईट वाटत नव्हतं.

तुकडा संपला. सगळीकडे शांत. त्या शांततेत मी ओरडलो, "वन्स मोअर!" अख्खं चर्च वळून बघायला लागलं. कुंदनला वाद्यातच हसू फुटलं आणि त्यातून कळंबोलीचा ट्रक रिव्हर्स घेताना येतो तसा आवाज निघाला. नीताने तोंडाला पदर लावला. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि खरंच सगळं पहिल्यापासून वाजवलं! या वेळी बघतो तर नीताच्या डोळ्यांतून पाणी. परतताना रिक्षात म्हणाली, "लहानपणी विहिरीत वाकून हाक मारायचे ना, तशी आज आतून कुणीतरी ओ दिली."

असो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, माकडांना समज.

तुमचा,
अविनाश

ता. क. : कुंदनने त्याचा एक जुना सॅक्सोफोन आमच्याकडे ठेवला आहे. रोज सराव चालतो. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन गेले. खालच्या विनिताबाईंना वाटलं, आम्ही रेडकू पाळलंय. तेव्हा एप्रिलभर वाडीवर मुक्कामाला आलं तर चालेल का?

आणखी एक ता. क. : वरचं वाचून तुम्ही मला हसत असाल. खुशाल हसा. पण वाजवणारा मी नाही (माझा दम जिन्यातच संपतो). वाजवते नीता. तुम्हाला कळवायचं नाही म्हणून शपथ घातली आहे, कारण लहानपणी ती गायला लागली की तुम्ही हसायचात, आणि त्या हसण्याला ती या वयातही घाबरते. ती आली की तेवढं हसू नका, दादा. हसलात तर ती वाद्य पेटीत ठेवेल आणि पेटी पुन्हा उघडणार नाही. मी ओळखतो तिला.

शेवटचं : एवढ्या दिवसांत तिला एकच सूर जमला आहे. तोही कधी लागतो, कधी नाही. पण लागला की मी हातातला पेपर खाली ठेवतो, आणि कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी उठत नाही.