कालवण त्याच्या हातचं

आई, तुझा मुलगा आता दुपारचं जेवतो. तुला सगळ्यात आधी हेच ऐकायचं असतं, म्हणून आधी हेच सांगते. ‘माझा भाऊ’ न लिहिता ‘तुझा मुलगा’ लिहिलंय, तेही मुद्दाम. तू होतीस तोवर तो तुझाच होता. मी त्याच घरात राहत होते, त्याच टेबलावर जेवत होते, पण तुम्हा दोघांच्या मधे जागा नव्हती आणि मला ती करूनही घेता आली नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी हे लिहिताना माझा हात जड होतो. लोक मेलेल्या आईची आठवण काढून रडतात. मला तुझी आठवण आली की आधी हेवा वाटतो, मग रडू येतं.

आपण मोऱ्याच्या कोळीवाड्यातून नवीन पनवेलला आलो ते आम्हा दोघांच्या शाळेसाठी. बाबा बंदरावरच्या कामाला जायचे, येताना मासळी आणायचे, आणि तू सेक्टरमधल्या त्या दोन खोल्यांत मोऱ्याचं स्वयंपाकघर जसंच्या तसं मांडलं होतंस. बाबा गेले. मग हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना घरात बसला तो बसलाच. वरच्या मजल्यावरची माणसं बाथरूमच्या पाइपातून आपल्याबद्दल बोलतात, असं म्हणायचा. तू नातेवाइकांना सांगायचीस, अभ्यास करतोय. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया हा शब्द उच्चारला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, जणू मी तो इंग्रजी शाळेतून घरी आणला होता. तो शब्द तू शेवटपर्यंत तोंडात घेतला नाहीस. ‘त्याचं डोकं दमलंय,’ एवढंच म्हणत राहिलीस.

मला बेलापूरच्या ऑफिसात नोकरी लागली तो दिवस आठवतो. मी पेढे घेऊन घरी येते, दारातूनच तुला हाक मारते. तू स्वयंपाकघरातून बाहेर येतेस ती ओठांवर बोट ठेवून. ‘हलू बोल ना गो, तो घाबरतो.’ पेढ्यांचा पुडा माझ्या हातातून घेतेस, त्यातला एक फोडून आधी स्वतः चाखतेस आणि उरलेला त्याला भरवतेस. मी चपला न काढता तशीच उभी. संध्याकाळी मी चिडून काहीतरी बोलले, तर तू म्हणालीस, ‘तुला काय झालाय? तू धडधाकट हायस.’ आई, त्या वाक्याइतका राग मला दुसऱ्या कशाचा आला नाही. ते खरं होतं म्हणून जास्तच आला. त्यानंतर कितीतरी दिवस मला ताप यावा असं वाटायचं. साधा ताप, दोन दिवसांचा. तू माझ्या उशाशी बसावंस एवढ्यापुरता.

तू गेल्यावर तो माझ्याकडे आला असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर कुणी कुठे गेलं नाही. तेच घर, तेच आम्ही दोघं, फक्त मधली तू नाहीस. गोळ्या तो घ्यायचा, कारण डॉक्टरांनी त्याच्याकडून तसा शब्द घेतला होता. पण जेवायचा नाही. मी सकाळी सगळं करून, ताट झाकून ऑफिसला जायचे. संध्याकाळी झाकण काढावं तर भाताची पापडी झालेली. ‘का नाही जेवलास?’ तर म्हणायचा, ‘त्यात काय तरी हाय.’ मी आरडाओरडा केला, विनवण्या केल्या, त्याच्यासमोर बसून त्याच ताटातलं खाल्लं, तू करायचीस तसा घास चाखून पुढे केला. त्याने तोंड फिरवलं. ‘तू आई नायस,’ म्हणाला. शांतपणे म्हणाला, समजावून सांगितल्यासारखं. त्याच्या शर्टाच्या कॉलरमधून मानेची हाडं दिसायला लागली. असंच चाललं तर दाखल करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

त्यांनीच मला घरच्या माणसांच्या गटात पाठवलं. शनिवारी दुपारी एका हॉलमध्ये आम्ही गोल बसतो. कुणाचा मुलगा आजारी, कुणाची बायको, कुणाची सासू. एक समाजसेविका असते, वयाने माझ्याहून लहान. तिने आम्हाला एक छोटी पुस्तिका दिली. अडचण आली की घरच्या घरी कसा मार्ग काढायचा, त्याची. पहिल्याच दिवशी मला तिथून उठून जावंसं वाटलं. माझ्यासमोर सुकापूरची एक बाई बसली होती, तिचा मुलगा आपल्या ह्याच्यासारखाच. पण तिच्या शेजारी तिचा नवरा होता. ती बोलताना अडली की तो पुढचं वाक्य बोलायचा, ती रडली की रुमाल द्यायचा. त्यांच्या घरातही तेच दुःख आहे हे मला कळत होतं. तरीही मला दिसत होता तो फक्त रुमाल.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ‘माझा भाऊ माझ्यावर विश्वास ठेवत नाही.’

‘हे फार मोठं झालं,’ समाजसेविका म्हणाली. ‘विश्वासाचं आज काही करता येणार नाही आपल्याला. ह्यातलं लहान काय आहे? रोज दिसतं असं?’

मी विचार केला. ‘तो मी केलेलं दुपारी खात नाही.’

‘हां. आता बोला सगळे. सुचेल ते बोला. कुणी कुणाला हसायचं नाही आणि लगेच नाहीही म्हणायचं नाही.’

लोक बोलायला लागले. बाहेरचा डबा लावा. फळं ठेवा, सोलून नका ठेवू, त्याची त्याला सोलू दे. दुपारी फोन करा. शेजारणीला बसवा. मला प्रत्येकाला ‘केलंय, झालंय’ म्हणायचं होतं, पण नियम असा की आधी सगळं ऐकून घ्यायचं. सुकापूरची बाई शेवटी म्हणाली, ‘त्याला करू दे की त्याचं त्याला. आपल्या हातचं कुणाला खोटं वाटत नाही.’

मला तिचा रागच आला. तिला काय जातंय सांगायला, असं मनात आलं. गॅस, सुरी, गरम तेल, आणि मी बेलापूरला. समाजसेविकेने माझा चेहरा वाचला असावा. ‘आधी तुम्ही घरी असताना करून बघा,’ म्हणाली. ‘जमलं नाही तर दुसरं निवडू. आणि त्यालाच विचारा, त्याला काय करायचंय.’

मी घरी येऊन विचारलं. इतक्या वर्षांत त्याला काय हवंय, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. विचारायचं ते तुलाच, अशी सवय होती. त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं. मग म्हणाला, ‘बोंबील.’

रविवारी आम्ही दोघं बाजारात गेलो. गर्दीत तो माझ्या ओढणीचं टोक धरून चालत होता, एवढा मोठा पुरुष. पण मासळीच्या पाट्यांशी आल्यावर त्याने ते सोडलं. वाकून बोंबील उचलला, दाबून पाहिला, परत ठेवला. पुढच्या कोळणीशी गेला. ‘हे कालचं हाय मावशी,’ म्हणाला, तर ती हसून म्हणाली, ‘कुठला रे तू?’ ‘मोऱ्याचा,’ त्याने सांगितलं. माझ्याशी दिवसभरात चार शब्द न बोलणारा माणूस. आणि बोलला ते तुझ्या बोलीत. ती माझ्या तोंडून शाळेने कधीच काढून टाकली होती.

घरी आल्यावर त्याने बोंबील साफ केले. लसूण सोलली नाही, सालीसकट ठेचली. चिंच भिजत घातली. कांदा नाही, खोबरं नाही. पातेल्यात बोंबील सोडल्यावर मी सवयीने चमचा पुढे केला, तर त्याने माझा हात बाजूला केला आणि पातेलं फडक्यात दोन्ही कडांना धरून नुसतं हलवलं, गोल, हळू. तुझं मनगट तसंच फिरायचं. मी ओट्याला टेकून बघत होते. हे त्याच्याकडे कधी आलं? मी बाहेरच्या खोलीत दार लावून अभ्यास करायचे, नंतर ऑफिसात असायचे, आणि तो तुझ्या पायाशी स्टुलावर बसलेला असायचा. मला वाटायचं, तू त्याला सांभाळतेस. तू त्याला सगळं देत होतीस. मी विचारलं असतं तर म्हणाली असतीस, तू शिक, तुला कशाला हा वास. मी पहिल्या वर्गात पास होत राहिले आणि तुझं कालवण त्याला मिळालं.

तो जेवला. दोनदा भात घेतला. मीही जेवले. चव तंतोतंत तुझी होती. आज भाऊ जेवतोय ह्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी वर आलं. मी विचारलं, ‘आईने शिकवलं ना तुला?’

‘शिकवते ना.’

‘शिकवायची.’

‘नाय. आता पन बोलली. मीठ बास कर, बोलली.’

तो बोटं चाटत होता. त्याला पाइपातली माणसं ऐकू येतात, हे मला ठाऊक होतं. तू ऐकू येतेस, हे ठाऊक नव्हतं. आई, मला भीती वाटायला हवी होती. इतकी वर्षं मी तुझ्या फोटोला हार घालते, तुझ्या तिथीला पान वाढते, आणि तू एक शब्द बोलत नाहीस. बोलतेस ती त्याच्याशी. अजूनही.

ह्या गोष्टी डॉक्टरांना सांगायच्या असतात, हे गटात जाऊन मला आता कळतं. मी त्यालाच म्हटलं, तू सांगशील का? पुढच्या भेटीत त्याने स्वतः सांगितलं. डॉक्टरांनी ओरडून किंवा घाबरवून काही केलं नाही. आवाज त्रास देतो का, काही करायला लावतो का, असं विचारलं. गोळी थोडी बदलली. मला म्हणाले, वाद घालू नका, पण त्या आवाजाबद्दल खोदून विचारूही नका. आता तो रोज सकाळी माझ्यासमोर दुपारचं करून ठेवतो, मग मी निघते. कधी वरण करपतं, कधी भात गिच्च होतो. ताट रिकामं असतं. मागच्या शनिवारी मी हे गटात सांगितलं तेव्हा सुकापूरच्या बाईने टाळ्या वाजवल्या, तिच्या नवऱ्यानेही. मला त्या दोघांकडे बघून पहिल्यांदा बरं वाटलं. अगदी पूर्ण नाही.

नव्या गोळीने तू हळूहळू थांबशील, असं दिसतंय. आता कधीतरीच बोलते, असं तो म्हणतो. हे लिहून झाल्यावर कागद फाडीन, तुला कुठे पाठवू? पण एक गोष्ट राहिली. गोळी बदलायच्या आदल्या दिवशी तो लसूण ठेचत होता आणि मी पर्स खांद्याला लावून, पाणी पीत उभी होते. तेव्हा मी त्याला विचारलंच. ‘माझ्याबद्दल काही बोलते का रे ती?’

त्याने बत्ता थांबवला. मान वाकडी करून ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘बोलते, ताईला सांग, जरा बस.’

हे तू सांगितलंस की त्याने, मला माहीत नाही. मी पर्स ठेवली आणि स्टुलावर बसले. ऑफिसला उशीर झाला. डॉक्टरांना आम्ही बाकी सगळं सांगितलं, एवढं मी सांगितलं नाही.